पुट्टीची गुलाबाई

आमचे आबा गावभर लोकांचे नळ दुरुस्त करायचे आणि आमच्या खोलीत नळ नव्हता. लोकांना यात गंमत वाटायची. मला कधी वाटली नाही.

अमळनेरच्या एका तेलाच्या कारखान्यात आबा ठेकेदाराच्या हाताखाली पाइप फिटर होते. ठेकेदारानं माणसं कमी केली तेव्हा पहिल्याच खेपेत आबांना घरी बसवलं. भांडणारे होते ते राहिले. आबा कोणाशी वर मान करून बोलत नसत, म्हणून निघाले. हे आज मी सांगते. तेव्हा मी शाळकरी होते आणि मला एवढंच कळलं की आबा दिवसाउजेडी घरी दिसू लागले आणि भाकरीसोबत नुसती चटणी येऊ लागली. माय हिवाळ्यात कापसाची सरकी काढतात त्या जिनात जायची, केसांत कापूस आणि छातीत खोकला घेऊन परत यायची. उन्हाळ्यात लोकांच्या मिरच्या कुटायची. त्या दिवसांत ती मला जवळ घ्यायची नाही. हाताची आग माझ्या अंगाला लागेल म्हणायची.

मग आबांनी सायकलला पिशवी अडकवली आणि गल्लोगल्ली फिरायला लागले. पिशवीत नळाचे पाने, सांध्यांना गुंडाळायचा ताग, आणि एपॉक्सी पुट्टीच्या पुड्या. एका पुडीत दोन कांड्या असतात, एक पांढरट आणि एक काळी. दोन्हींचा सारखा सारखा तुकडा घ्यायचा, बोटं ओली करून मळायचा, राखाडी झाला की गळक्या सांध्यावर थापायचा. थोड्या वेळात त्याचा दगड होतो. एकदा मळली की ती कोणासाठी थांबत नाही. उरली तर फेकायची. आबा मात्र कांड्यांची न मळलेली टोकं खिशात घालून घरी आणायचे, कारण टाकून देणं आमच्या घरात कोणाला जमत नव्हतं.

त्या टोकांपासून मी माणसं करायला लागले. आधी बैल केला, सगळेच करतात तसा. पण मातीचा बैल आणि पुट्टीचा बैल यांत फरक असतो. मातीला वेळ असतो. पुट्टी सांगते, आत्ता काय ते कर. मी बांधकामावरची तार वाकवून आधी सांगाडा करायचे, त्यावर पुट्टीचा पातळ थर द्यायचे, तो वाळला की दुसरा. बाभळीच्या काट्यानं डोळे, मोडक्या फणीच्या दातानं लुगड्याच्या चुण्या, संपलेल्या रिफिलच्या टोकानं बांगड्या. अंगठ्याएवढी बाई. डोक्यावर मिरच्यांचं टोपलं. माझ्या बोटांची सालं निघायची, खाज सुटायची. माय म्हणायची, "हातले कोड व्हयी ना तुले, तवय समजी." कोड झालं नाही. सालं मात्र आजही निघतात.

बारावी झाले तेव्हा घरात लग्नाचा विषय निघाला होता. तो थांबवला अक्कांनी. अक्का म्हणजे आम्ही ज्या गल्लीच्या मागच्या अंगाला राहायचो, त्या गल्लीतल्या कापसाच्या व्यापाऱ्याची बायको. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची आणि सगळी गल्ली त्यांचं ऐकायची. त्यांच्या घरचा नळ आबांनी दुरुस्त केला म्हणून बाकी घरांनी आबांना बोलावलं. त्या एकदा आबांना सहज म्हणाल्या, "पोरीला कॉलेजात घाला. हुशार आहे. लग्न कुठं पळून चाललंय?" आबांनी दुसऱ्या दिवशी मला कॉलेजात घातलं. मी दोन वर्षं विनवत होते ते त्यांना ऐकू आलं नव्हतं. अक्कांचं एका वाक्यात ऐकू आलं. हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं. जो दरवाजा दुसऱ्याच्या शब्दावर उघडतो तो त्याच्याच शब्दावर बंद होतो.

त्या भादव्यात अक्कांच्या घरी पाण्याची टाकी गळत होती. आबा शिडीवर चढून टाकीत डोकं घालून बसले होते, मी खाली पुट्टी मळून देत होते. हात रिकामा झाला की उरलेल्या गोळीची बाई करत होते. अक्का ओट्यावरून बघत होत्या.

"ए पोरी, इकडं आण बरं ते."

मी दिलं. त्यांनी ती बाई तळहातावर घेतली, डोळ्यांजवळ नेली.

"अगं, हिला तर नथ आहे!"

"हो."

"औंदा आमची गुलाबाई तू कर."

आमच्याकडे खानदेशात भादव्याच्या पुनवेला मुली गुलाबाई बसवतात. पार्वती महिनाभर माहेरी येते अशी समजूत. तिच्यासोबत गुलोजी असतो, मांडीवर बाळ असतं. महिनाभर मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात, आणि कोजागिरीला गुलाबाई नदीत सोडतात, म्हणजे ती सासरी गेली. मूर्ती मातीची असते, कुंभाराकडून आणायची. अक्कांच्या लेकीचं नुकतंच लग्न झालं होतं आणि पहिल्या गुलाबाईला ती माहेरी येणार होती.

"माती आणू का काळी?" मी विचारलं.

"माती नको. मागच्या साली उंदरानं गुलोजीचा हात नेला. तुझ्या ह्याच मसाल्याची कर. पक्की कर."

टाकीतून आबांचा आवाज आला. टाकीत घुमायचा म्हणून तो मोठा वाटायचा. नाहीतर आबांचा आवाज कधी मोठा नसे.

"अक्का, ही दगडासारखी होते बरं का."

"होऊ द्या की भाऊ. दगडासारखीच पाहिजे."

हे असं झालं. मी खाली होते, अक्का ओट्यावर, आबा शिडीवर. तिघांनी ऐकलं.

मी जीव ओतून काम केलं. गुलाबाई वीतभर, गुलोजी तिच्याहून बोटभर उंच, मांडीवर मूठभर बाळ, तिघं एकाच बैठकीवर जोडलेली. काठाची नक्षी सुईनं कोरली. रंग हार्डवेअरच्या दुकानातल्या डब्यांच्या तळाशी राहिलेले, म्हणून गुलाबाईचं लुगडं खिडक्यांच्या हिरव्या रंगाचं झालं. तरी सुंदर झाली. मी हे नम्रपणे सांगणार नाही. तशी गुलाबाई अमळनेरात त्याआधी झाली नव्हती. लोक दुसऱ्या गल्लीतून बघायला येत होते. अक्का निरांजन जवळ नेऊन नथ दाखवायच्या.

"कोणी केली हो?"

"आपल्या नळवाल्याची पोर आहे ना, तिनं. मी समोर उभं राहून करून घेतली."

महिनाभर रोज संध्याकाळी गाणी व्हायची आणि मग खाऊ ओळखायचा. अक्का झाकणाचा डबा वाजवून आत काय आहे ते विचारायच्या. ओळखल्याशिवाय मिळायचा नाही.

"फुटाणे!"

"नाही."

"शेव!"

"शेव अशी वाजते का गं? बहिरी."

"वाजतच नाही ओ अक्का. पुट्टी भरली का डब्यात?"

सगळ्या हसल्या. अक्कांची लेक सर्वांत जास्त हसली. ती माझ्याच वयाची, हातभर बांगड्या घातलेली. त्या महिन्यात मी तिला एकदाही सासरबद्दल बोलताना ऐकलं नाही. विचारलं की ती डबा वाजवायची.

कोजागिरीला आम्ही मिरवत बोरी नदीवर गेलो. नदीला पाणी होतं, डोह भरलेला. अक्षता टाकल्या, आरती झाली, आणि अक्कांच्या लेकीनं गुलाबाई पाण्यात सोडली. ती सरळ तळाला गेली. एकीलाही काही वाटलं नाही. आबा काठावर उभे होते. ज्या माणसानं आयुष्य पुट्टीनं पाणी अडवण्यात घालवलं, त्यालाही आठवलं नाही की ही पाण्यात विरघळत नाही. मलाही नाही. आम्ही सगळे कोरड्या गावातले, नदीत टाकलं की गेलं एवढंच आम्हाला ठाऊक.

पौषात अक्कांच्या लेकीला तिच्या सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. पेटीसकट. परत न्यायला कोणी आलं नाही. गल्लीत कुजबुज होती, तिच्या दंडावर डाग होते ते धुणेवालीनं पाहिले होते, पण तोंडावर कोणी काही बोलत नव्हतं. घरात कारण लागतं ना! खरं कारण सांगायचं तर जावयाचं नाव घ्यावं लागलं असतं.

कारण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी सापडलं. बोरी आटली होती. बाया वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. गल्लीतल्या एका बाईच्या वाटीला काहीतरी खणकन लागलं. तिनं वाळू बाजूला केली तर गुलाबाई. हिरवा रंग गेलेला, पण नाक, नथ, मांडीवरचं बाळ, सगळं जिथल्या तिथं. डोळे उघडे. ती बाई हंडा तिथंच टाकून गुलाबाई पदरात घेऊन पळत आली.

तासाभरात गल्लीत एकच वाक्य फिरत होतं. गुलाबाई सासरी गेलीच नाही, म्हणून पोरीला सासर राहिलं नाही.

मला आणि आबांना बोलावलं. अंगणात बाया जमल्या होत्या. गुलाबाई पाटावर ठेवलेली. अक्का खुर्चीत. त्यांची लेक आतल्या दाराला टेकून उभी.

"काय केलंस हे पोरी?"

"तुम्ही सांगितलं तसं केलं."

"मी सांगितलं? मी? मी तर कुंभाराला मातीची सांग म्हणाले होते. तू होऊन ही भानगड घेऊन आलीस. मला वाटलं लेकरू आहे, हौस आहे, नाराज कशाला करा."

"अक्का, तुम्ही म्हणालात पक्की कर. माती नको म्हणालात."

"ऐका! मी खोटं बोलते म्हणते!"

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. दारातून अक्कांची लेक हळूच म्हणाली, "आई, तिचं काही नाही गं त्यात. माझं मला माहीत आहे ना."

"तू आत हो."

ती आत झाली. त्या अंगणात माझ्या बाजूनं बोललेला तो एकच आवाज.

मी कॉलेजात जात होते, मला वाटायचं मुद्द्याचं बोललं की माणसं ऐकतात. मी म्हणाले, "अक्षता पडल्या तेव्हाच गुलाबाई गेली. देव अक्षतांनी येतो आणि अक्षतांनी जातो, तुम्हीच सांगता. मागे राहिलंय ते माझं काम आहे. ते मला द्या."

"कॉलेजात हेच शिकवतात का?"

मग मी आबांकडं पाहिलं. "आबा, तुम्ही टाकीत होतात. तुम्ही ऐकलं. तुम्हीच म्हणालात ना, दगडासारखी होते म्हणून? सांगा ना."

सगळं अंगण आबांकडं बघायला लागलं. अक्काही बघत होत्या. खरं सांगते, त्या क्षणी अक्का घाबरल्या होत्या. आबांनी नुसतं "हो" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

आबा म्हणाले, "लेकरू आहे अक्का. चुकलं तिचं. पदरात घ्या."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं पण पुढचंही झालं. आबाच म्हणाले की परत नदीत टाकून उपयोग नाही, भुगा करून टाकतो, मग नेऊन सोडतो. अक्का उठल्या. "मी नाही बघणार बाई, माझ्या डोळ्यांना पाप नको," म्हणाल्या आणि आत गेल्या. बाकीच्या बायाही तोंडावर पदर घेऊन पांगल्या. पाप कोणालाच नको होतं. ते आमच्यासाठी ठेवून सगळ्या गेल्या.

आबांनी पिशवीतून हातोडा काढला. गुलाबाई फरशीवर आडवी ठेवली. मी तिथंच उभी राहिले. त्यांना वाटलं असेल मी निघून जाईन. पहिला घाव निसटला. दुसऱ्याला गुलोजीचा हात गेला. गुलाबाई काही फुटेना. चांगली केली होती मी. आबांना घाम आला. शेवटी मान तुटली, पण आतली तार तुटली नाही, डोकं तारेवर लोंबत राहिलं. आबांनी ते तसंच गोणपाटात गुंडाळलं आणि सायकलला लावून गेले. माझ्याकडं पाहिलं नाही.

आबा निघताना अक्का आतून बोलल्या होत्या, "भाऊ, पोरीचं कॉलेज बंद करा आता. हात रिकामे राहिले की असलंच सुचतं. लग्न लावून टाका." आबांनी मान हलवली होती. अक्कांना ती दिसलीही नसेल. तरी हलवली.

पंधरवड्यात पारोळ्याहून पाहुणे बघायला येणार असं ठरलं. मी मायला सांगितलं, मी समोर येणार नाही. त्या दिवशी ती अंगणात नव्हती, मिरच्या कुटायला गेली होती, पण तिला सगळं कळलं होतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सकाळी आबा कामावर गेल्यावर तिनं माझी दोन लुगडी आणि पुस्तकं एका गाठोड्यात बांधली.

"चाल पोरी. आते आठे ऱ्हावानं नही."

"आबांना काय सांगशील?"

"तेसनी माले काय इचारं व्हतं?"

एसटीत बसून आम्ही धुळ्याला मावशीकडं आलो. माय त्याच गाडीनं परत गेली. परतल्यावर घरात काय झालं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण त्या दिवसापासून बरीच वर्षं तिच्या डाव्या कानाला ऐकू कमी यायचं.

मावशीचा नवरा आग्रा रोडला ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात सुतार होता. मावशी चांगली होती, पण तिची स्वतःची चार पोरं होती. मी दुसऱ्या वर्षाला धुळ्यात नाव घातलं आणि दुपारी कारखान्यात काकांचा डबा घेऊन जायला लागले. तिथं पुट्टी होती. टाक्यांना, फटींना लागायची. हात स्वस्थ बसेना. लाकडाच्या भुश्यात बसून मी एक म्हातारा केला, खाटेवर पडलेला. एका ड्रायव्हरनं तो पाहिला. एरंडोलकडचा माणूस, मिशाळ, बोलका.

"ताई, मला एक गणपती कर. पुढं काचेजवळ बसवतो."

"देव करत नाही मी."

"का बरं? देवानं तुझं काय घोडं मारलं?"

"देव बुडवावा लागतो."

"मग काय ट्रक तापीत घालू?"

कारखाना हसला. मीही हसले, खूप दिवसांनी. तो जायला निघाला, मग परत वळला. "बरं, देव राहू दे. माझी पोर कर. पाच वर्षांची आहे, दोन वेण्या घालते, समोरचे दात पडलेत. तिला तर बुडवायची नाही ना?"

मी त्याची पोर केली. पडलेल्या दातांसकट. इंजिनाच्या वरच्या तापलेल्या पत्र्यावर मेण वितळतं, प्लॅस्टिक वाकतं. पुट्टीला काही होत नाही. त्यानं ती काचेजवळ बसवली आणि इंदूरला जाऊन आला. दुसऱ्या आठवड्यात त्याच्यासोबत आणखी दोघं आले. एकाला पोरगी होती, एकाला बहीण. मग येतच राहिले. कोणी फोटो आणायचं, कोणी हातवारे करून सांगायचं, "नाक असं, जरा बसकं, माझ्यावर गेलीय बिचारी." मुंबईपासून आग्र्यापर्यंत त्या रस्त्यावर माझ्या हातच्या पोरी बापांच्या समोर बसून हिंडत होत्या. फी, पुस्तकं, मावशीच्या घरातलं माझं पीठ, सगळं त्यातून निघालं. मी कोणापुढं हात पसरला नाही. अक्कांच्या गल्लीतून पैसा आला नाही आणि आबांकडूनही नाही.

लोक म्हणतात, कलेनं तुला तारलं. मला असलं बोलणं आवडत नाही. माझी बोटं रात्री ठणकायची. परीक्षेत पेन धरवत नव्हतं, उजव्या हाताच्या तीन बोटांना चिंधी बांधून मी पेपर लिहिले. कोणी तारलं नाही.

निकाल लागला त्या आठवड्यात आबा धुळ्याला आले. पहिल्यांदाच. मावशीच्या दारात चप्पल काढून आत येऊन बसले, पाणी प्यायले, नळाकडं बघून म्हणाले, "वायसर गया तुना." मग नळाचा वॉशर बदलला. मी गुणपत्रिका आणून दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती नीट धरली, उलटी बाजूही पाहिली.

"चांगलं शे," म्हणाले.

मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. मी थांबले नाही.

"आबा, तुम्ही टाकीत होतात. अक्का काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलं होतं की नाही?"

त्यांनी हातातला पाना पुसून पिशवीत घातला.

"आयकेल व्हतं," म्हणाले. "मी काय बहिरा शे का?"

"मग बोलला का नाहीत?"

"बठ्ठी गल्ली तिना सबदवर चालस पोरी. मी हा म्हनतू, तं दुसरा दिन मनी सायकल कोना दारसे हुभी करतू?"

"आणि माझं?"

त्यांनी पिशवी उचलली. एसटी सुटेल म्हणाले. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले, गाडीत जागा धरून दिली, खिडकीतून केळी दिली. लेकीनं करायचं ते सगळं केलं. माफ केलं नाही. पुढं ते वारले तेव्हा मी रडले, खांद्यावर नाही तरी डोळ्यांनी त्यांना पोहोचवलं, पण माफ आजही केलेलं नाही. पोट कुठं अडकलेलं असतं ते मला त्या माणसाच्याच घरात कळलं, मला कोणी ते समजावून सांगायची गरज नाही. तरी "हो" हा एवढासा शब्द आहे, आणि तो त्यांच्याकडं होता.

अक्का भेटल्या नाहीत परत. त्यांची लेक सासरी गेली नाही ती नाहीच. अमळनेरात तिनं शिवणक्लास काढला असं ऐकलं. मी तिची मूर्ती केली होती एकदा, दाराला टेकून उभी असलेली. ती मी कोणाला दिली नाही.

देव मी अजून करत नाही. माणसं करते.

आणि मी बी.ए. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घरात त्याआधी कोणी दहावीची पायरी चढलेलं नव्हतं.